गॉल्टहोप म्हणजे काय

आमचं गॉल्टहोपचं चॅपेल चालू ठेवायचं की बंद करायचं, ते वरून पाहणीला पाठवलेल्या प्रोसर पाळकसाहेबांच्या एका शब्दावर ठरणार होतं. साहेब मूळचे वेल्सचे. त्यांचा उपदेश रंगात आला की बोलणं सुटतं आणि गाणं सुरू होतं. ऐकणारा मग बाकावर राहतच नाही, चार बोटं वर जातो.

त्या रविवारी सकाळी त्यांनी गावाचं नावच धरलं. "गॉल्ट म्हणजे गोल्ड. होप म्हणजे आशा. सोनेरी आशेचं हे गाव," असं आळवून आळवून गायले. माझे डोळे भरून आले. शेजारी हॅना पीअर्ट मात्र दात आवळून बसलेली. जन्मभर शाळेत पोरांच्या चुका काढलेली बाई ती. तिचा भाऊ कथबर्ट चॅपेलचा कारभारी. तो तिच्या कानाशी लागला, "हॅने, आज गप्प बस. चॅपेल वाचू दे, मग शिकव हवं तेवढं."

बसली बिचारी. पण दुपारच्या चहाला साहेबांनीच हॅमचा तुकडा काट्यावर घेत विचारलं, "काय बाई, सकाळचा अर्थ पटला ना?"

कथबर्टने टेबलाखालून लाथ मारली. ती मला बसली.

"नाही पटला," हॅना म्हणाली. "रविवारी खोटं कसं बोलू? गॉल्ट म्हणजे डुक्कर. आणि हा होप आशेतला नव्हे, जुन्या बोलीतला. तिन्ही बाजूंनी डोंगर असलेली घळ. डुकरांची घळ, पाळकसाहेब."

कथबर्टने डोळे मिटून घेतले. साहेबांचा घास काट्यावरच राहिला.

"पलीकडे वाटच नाही?"

"नाही. आलात तसं माघारी फिरायचं."

"अहो, मग सकाळी कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही गातच इतकं गोड होता," मी म्हटलं.

संध्याकाळच्या उपदेशाला साहेबांनी बायबलातला उधळा पुत्र घेतला. बापाचा पैसा उडवून डुकरांत बसलेला, त्यांच्या शेंगांवर डोळा ठेवलेला. "पुढे वाट नव्हती," त्यांचा सूर चढू लागला, "म्हणून तर तो माघारी फिरला, बापाकडे. असल्या घळीत चॅपेल नको, तर कुठे हवं?" खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कथबर्ट तर हुंदके देत होता.

निघताना साहेबांनी हॅनाचा हात हातात घेतला. "चॅपेल राहू द्या, असंच सांगणार आहे मी. आता तरी बरोबर ना?"

डोळे पुसत ती म्हणाली, "अर्थ बरोबर. उच्चार चुकला. आम्ही गॉल्टप म्हणतो."

साहेबांनी पायरीवरच तो तोंडात घोळवून पाहिला. तोही सुरातच आला.