दिवा लागला का, नाना?

मित्रांनो, मी ब्रेकच्या दिव्याचा एक जुना स्विच आहे. तुम्ही मला कधी पाहिले नसणार, कारण मला पाहायला गाडीत उलटे झोपून डोके पेडलजवळ न्यावे लागते आणि एवढा उपद्व्याप कोणी हौसेने करत नाही. सध्या मी धुळ्याजवळ फागण्यात, अभिमन नानांच्या ओट्यावर एका पत्र्याच्या डब्यात पडून आहे. सोबतीला चार गंजलेले नट आणि एक बंद पडलेले घड्याळ आहे. थकलो आहे, पण सांगण्यासारखे थोडे आहे, तेवढे ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो होते, त्यामुळे बारसे वगैरे काही झाले नाही. पोटात पितळेच्या दोन पट्ट्या, बाहेर एक बोटाच्या पेराएवढी दांडी आणि शेपटीला दोन वायरी, एवढाच माझा संसार. पेडल वर असले की ते माझी दांडी आत दाबून धरते. ड्रायव्हरने ब्रेकवर पाय दिला की पेडल खाली जाते, माझी दांडी सुटते, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि गाडीच्या पाठीवर लाल दिवा लागतो. म्हणजे बघा, गाडी धावते तोवर माझी छाती दाबलेली, आणि गाडी थांबायला लागली की मला श्वास. असा श्वास मी चौदा वर्षे घेतला.

ती चौदा वर्षे मी नानांच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये काढली. नाना रोज सकाळी गावातल्या आठ बायांना धुळ्याच्या डाळ मिलवर नेत आणि संध्याकाळी परत आणत. बाया डाळ निवडायला जात. येताना त्यांच्या लुगड्यांना तुरीच्या फोलपटाचा वास असे आणि तोंडाने मिलच्या मुकादमाचा उद्धार चाललेला असे. महामार्गावर मागून येणारे ट्रक म्हणजे नुसते भूत. त्यांना वेळेवर 'सावकाश' म्हणून सांगणे हे माझे काम होते. ते मी कधी चुकवले नाही. एकदा एक कंटेनर अगदी पाठीशी येऊन थांबला, तेव्हा नानांनी पेडलकडे वाकून म्हटले होते, "वाचाडं रे भो तू आम्हले." आयुष्यात एवढे कौतुक मला पुरले.

स्वतःच्या गाडीचा मागचा दिवा चालवणाऱ्याला कधी दिसत नाही. म्हणून नानांनी एक युक्ती केली होती. रोज सकाळी ते एक लाकडी दांडके सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये अडकवत, मागे जाऊन बघत आणि मोठ्याने म्हणत, "लागना!" म्हणजे लागला. मग गाडीवर एक थाप मारत आणि निघत. मी अंधारातला जीव. दिवा मलाही दिसत नसे. माझा दिवा लागला की नाही, हे मला नानांच्या त्या एका शब्दावरून कळे.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या पट्ट्या काळ्या पडू लागल्या. वयच झाले होते. आधी दहातला एखादा श्वास अडे, मग पाच, आणि दिवाळीच्या सुमारास मला स्वतःलाच शंका आली की आपल्यातून आता काही जात नाही. पण सकाळी दांडके लागे, नाना मागे जात आणि आवाज येई, "लागना!"

मित्रांनो, खरे सांगतो, मला फार बरे वाटे. म्हातारपणी कोणी 'तू अजून धडधाकट आहेस' म्हटले की कोण वाद घालत बसतो? मीही नाही घातला. मला वाटले, नाना म्हणतात तर लागत असेल. मला माझी लाज वाटावी अशी गोष्ट हीच आहे.

मग एका सकाळी गावाबाहेरच्या स्पीडब्रेकरवर नानांनी ब्रेक दाबला आणि मागून धाडकन आवाज आला. दूधवाला प्रेमराज मोटारसायकलसकट व्हॅनवर आदळला होता. दोन्ही कॅन आडवे, रस्ताभर दूध आणि त्याच्या गुडघ्याचे सालटे निघालेले.

"नाना, तुम्हना दिवाच लागत नही!" तो ओरडला. "माले कसं समजी तुम्ही थांबनात?"

"सकायलेच देखा मी," नाना म्हणाले. "लागेल व्हता."

मागच्या सीटवर कुंदाबाई बसल्या होत्या. आठ जणींत वयाने मोठ्या त्याच, आणि धक्का सगळ्यात जास्त त्यांनाच बसला होता. त्या खाली उतरल्या, दुधाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आज दूध सांडनं. उद्या मांगे ट्रक ऱ्हायना ते आम्हनं रगत सांडी."

नानांनी वाकून आडवे कॅन उभे केले. मी काय करणार. वर लोंबकळत होतो आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले होते.

नानांचा मुलगा भूपेंद्र सुरतेच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातून दोनदा घरी येणारा. त्यामुळे हे काम सुनेने, दिपमालाने अंगावर घेतले. तिला गाडी नानांनीच शिकवली होती. सुनेच्या हातात स्टिअरिंग दिले म्हणून गाव हसले, तेव्हा नाना म्हणाले होते, हसणाऱ्यांनी पायी जावे. तर दिपमाला शनिवारी धुळ्याला गेली आणि सरदारभाईंच्या स्पेअरच्या दुकानातून नवा स्विच घेऊन आली. सरदारभाईंनी तिला गल्ल्यावरच धडा दिला होता: आधी बॅटरीची काळी वायर काढा, मग स्विचचा नट सोडवा. जुना निघाला की बॅटरी परत जोडा आणि स्विचच्या दोन वायरी एखाद्या पिनेने एकमेकींना लावून बघा. दिवा लागला तर बल्ब चांगला, स्विच गेला. नाही लागला तर मला शिव्या द्यायला या.

रविवारी मिल बंद. दिपमालाने पदर खोचला आणि पेडलजवळ डोके घातले. पाना लागला, नट कुरकुरला आणि चौदा वर्षांनी मी उजेडात आलो. तिने मला पुसून ओट्यावर ठेवले. व्हॅनची पाठ ओट्याकडेच होती. तिथून मी माझे दोन दिवे पहिल्यांदा पाहिले. विझलेले होते, तरी काचा लालच होत्या, आणि सकाळचे ऊन त्यांच्यावर सरळ पडले होते.

दिपमालाने बॅटरी जोडली, केसातली पिन काढली आणि पुन्हा आत वाकली.

"नाना, मांगे उभा राहा. दिवा लागस का सांगा."

नाना दिव्यापासून तीन हातांवर उभे राहिले. दिपमाला पिन सरळ करत होती. ती अजून वायरींना लागलीसुद्धा नव्हती.

"लागना!" नाना म्हणाले.

दिपमालाने हातातल्या पिनेकडे पाहिले. मग पिन वायरींना लावली. दोन्ही दिवे असे पेटले की ओट्यावर मलाही झळ लागल्यासारखी वाटली.

"आते?"

"लागना ना."

तिने पिन काढली. दिवे विझले.

"आन आते, नाना?"

"लागेल शे, बेटा. कितला येळ सांगू?"

नाना विझलेल्या दिव्याकडे पाहून सांगत होते. तेव्हा मला सगळे कळले. एवढे दिवस सकाळी ते काचेवरचे ऊन पाहून 'लागना' म्हणत होते. मी बंद पडलो ते पाप नव्हते, चौदा वर्षांनी कोणीही बंद पडतो. पण मी गेलो हे सांगणारे डोळे माझ्याही आधी गेले होते, आणि त्या डोळ्यांच्या भरवशावर आठ बाया रोज महामार्गावरून जात होत्या.

दिपमालाने पिन परत केसात खोचली. सून सासऱ्याला तोंडावर कसे म्हणणार की तुम्हाला दिसत नाही? तिने नवा स्विच बसवला, दांडी पेडलला नीट टेकते का पाहिले, नट आवळला. हात काळे झाले होते. मग ती सीटवर बसली आणि पाय ब्रेकवर दाबून धरला.

"नाना, ह्या शेवटला येळ. माले बरं वाटावं म्हनून सांगू नका. जे शे ते सांगा."

नाना पुढे झाले. आणखी पुढे झाले. डावीकडच्या दिव्याला नाक लागेल इतके जवळ गेले. मग त्यांनी काचेवर तळहात ठेवला. ऊब लागते का, ते पाहत असावेत.

"माले दिखत नही, बेटा," ते म्हणाले.

दिपमालाने पाय काढला नाही. "कवयपासून?"

"गनपतीपासून. रस्ता तेवढा धुरकट दिखस. गाडी गई ते मी काय करू? खाटवर पडू?"

"आठ बाया बसतीस नाना तुम्हना भरोसावर!" ती एकदम ओरडली. मग तिला रडू आले. काळ्या हातांनी डोळे पुसल्यामुळे तोंडही काळे झाले. नाना उघड्या दाराशी आले आणि चाचपडत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. किल्ली गाडीलाच राहिली, ती त्या दिवशी नानांनी मागितली नाही.

सोमवारी सकाळी बाया डबे घेऊन ओट्यासमोर जमल्या. दिपमाला पुढे बसलेली पाहून कुजबुज झाली. कुंदाबाई विचारणार तेवढ्यात नानाच पुढे आले. धुतलेले धोतर, डोक्यावर टोपी.

"आजपासून गाडी वहू चालावी," ते म्हणाले. "मन्हा डोयास्ले दिखत नही. मी तुम्हले सांगं नही, ती मन्ही चूक."

कोणी रागावेल असे मला वाटले होते. कुंदाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिले. मग त्या म्हणाल्या, "आन तुम्ही?"

"मी धुयाले येस. डोयाना डॉक्टरकडे."

पुढची सीट रिकामी होती, पण नाना तिकडे गेले नाहीत. प्रेमराज ज्या बाजूला आदळला होता, त्या अगदी मागच्या सीटजवळ जाऊन उभे राहिले. कुंदाबाई सरकल्या. आपल्याच गाडीत नाना पहिल्यांदा मागे बसले, हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्यासारखे. गाडी निघाली. वळणावर दिपमालाने ब्रेक दाबला आणि दोन्ही दिवे लागले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

मित्रांनो, माझी आता काही तक्रार नाही. मला बदलायला अर्धा तास लागला आणि डबाही मिळाला. तुमच्याकडे मागणे एवढेच आहे. कोणी गाडीत बसून 'दिवा लागला का?' विचारले, तर त्याला खूश करायला हो म्हणू नका, पाहा आणि मग सांगा. घरातले कोणी थकत चालले असेल, तर त्यालाही वेळेवर विचारा. पण विचारताना त्याच्याजवळ बसा आणि खरे सांगितल्यावर तुझी जागा कुठे असेल, हे त्याला आधी सांगा. नानांना ते कोणी आधी सांगितले असते, तर त्यांनी गणपतीतच खरे सांगितले असते.