आईची कुंडी, बाबांची कुळं

बेडकीच्या माहेरी स्वयंपाकघरातसुद्धा वर्गीकरण चालायचं. बाबा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, आणि कॉलेज सुटलं तरी त्यांचं शिकवणं सुटायचं नाही. बटाटे, वांगी, टोमॅटो, मिरच्या एका टोपलीत, कारण सगळी मंडळी एकाच कुळातली. त्यांच्यात चुकून कांदा दिसला की बाबा तो दोन बोटांत उचलून विचारायचे, "हा यांचा कोण?"

"शेजारी आहे. राहू द्या," आई म्हणायची.

पोटची मुलगीही यातून सुटली नाही. लहानपणी आंघोळीच्या टपातून ती बाहेरच यायची नाही, म्हणून बाबांनी तिला उभयचर ठरवलं आणि ती जन्माची बेडकी झाली. नवऱ्यासमोर तरी हे नाव घेऊ नका, असं तिनं परोपरीनं सांगून पाहिलं. आता नवराही तेच म्हणतो.

या घरात बिनकुळाचं असं एकच होतं, ते म्हणजे गॅलरीतल्या कुंडीतलं झाड. लग्न झाल्यावर आईनं माहेराहून त्याची फांदी आणली होती. "तुमच्याकडे याला म्हणतात काय?" असं बाबांनी विचारलं, तर ती म्हणाली, "झाड."

"कुळ फुलावरून ठरतं. फूल येऊ दे, एका मिनिटात सांगतो," असं बाबांनी तेव्हाच छातीठोक सांगून टाकलं. आणि फूल काही येईना. झाड म्हातारं झालं की आई त्याचीच फांदी नव्या मातीत खोचायची. वाढ उत्तम, पानं तुकतुकीत, पण फुलाच्या नावानं शंख. बाबांनी खत बदललं, ऊन बदललं, उपयोग शून्य. दुसऱ्या कुणाला दाखवायचं म्हटलं तर त्यांचा मान आड यायचा. मग रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते कुंडीपाशी बसायचे, पानं उलटीसुलटी करायचे, आणि समोरच्या स्टुलावर बसून आई त्यांची फिरकी घ्यायची.

"अख्ख्या जगाची कुळं सांगता, आणि घरातल्या एका रोपापुढे हात टेकता!"

बाबा चिडून सजीवांची लक्षणं ऐकवायचे. पोषण, श्वसन, वाढ, चेतनेला प्रतिसाद, प्रजनन. यातल्या शेवटच्या विषयात तुझं झाड नापास आहे, म्हणायचे.

"प्रतिसादात मात्र तुमच्यापेक्षा पुढे आहे. हात लावला की पान तरी हलतं," आई म्हणायची.

बेडकी आतल्या खोलीत अभ्यास करता करता हे सगळं ऐकायची आणि वैतागायची. सुख घरात असतं तेव्हा ते असंच काहीबाही बडबडत असतं, हे तेव्हा तिला कुठलं कळायला! आईचा त्या झाडावर इतका जीव, की चार दिवस माहेरी गेली तरी कुंडी काखेत मारून न्यायची. सगळे हसायचे, तीही हसायची.

आई गेली आणि बाबांची बोलतीच बंद झाली. बेडकी रजा काढून येऊन राहिली. "हं" आणि "नको", एवढ्या दोन शब्दांवर बाबांचा दिवस निघायचा. शेवटचा उपाय म्हणून तिनं टोपलीत मुद्दाम कांदे मिसळले. बाबांनी पाहिलं आणि काहीही न बोलता ते आत गेले. रजा संपत आली होती. या माणसाला असं टाकून जायचं तरी कसं? बाबा पुन्हा माणसात यावेत, एवढंच तिला हवं होतं.

एका सकाळी ती झाडाला पाणी घालायला गेली आणि ओरडलीच, "बाबा! फूल!"

बाबा अनवाणीच धावत आले. पुन्हा आत जाऊन भिंग घेऊन आले. "पाकळ्या पाच, खाली जुळलेल्या... मधे पिवळे पुंकेसर, एकमेकांना धरून उभे... अगं, हे वांग्याचं कुळ! बेडके, आपल्या टोपलीतलंच निघालं हे!"

कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून सलग वाक्यं येत होती. बेडकीला वाटलं, देव पावला. पण भिंग फुलावरून खोडावर उतरलं आणि तिथेच थांबलं.

"इथे बघ," ते म्हणाले. पेरापेराशी सुकलेलं एकेक बारीक टोक होतं. "प्रत्येक ठिकाणी कळी होती. कुणीतरी खुडली आहे. ही अलीकडची, ही जुनी, ही त्याहून जुनी."

"कीड लागली असेल."

"कीड इतकी नीटनेटकी नसते. हे नखाचं काम आहे."

आणि बेडकीला एकदम आठवलं. बाबा उठायच्या आधीची सकाळ, गॅलरीत पाठमोरी आई, आणि मग तिच्या हिरवट बोटांतून आपल्या तळहातावर पडलेले इवले हिरवे मणी. 'भातुकलीत वाटाणे म्हणून शिजव. बाबांना मात्र वाढू नकोस हं.' तिनं ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं. आई माहेरी कुंडी का न्यायची, हे सांगता सांगताच तिला उमगलं.

बाबा मटकन आईच्या स्टुलावर बसले. आधी हसले, अगदी पोट हलेपर्यंत.

"बनवलं मला बाईनं! साफ बनवलं!" मग त्यांचं हसू मधेच अडकलं. "पण बरोबर केलं तिनं. एखादं झाड ओळखलं की मी उठायचो. चला, पुढचं. तिला पक्कं ठाऊक होतं ते."

बाबांनी भिंग मांडीवर ठेवलं.

"इतकी वर्षं मी पानं बघत बसलो गं. ती समोर बसलेली असायची."

आणि ते रडायला लागले. आई गेली त्या दिवशीही रडले नव्हते, ते आता लहान मुलासारखे रडले. बेडकीनं त्यांना रडू दिलं, आणि तिलाही आवरलं नाही.

जरा वेळानं ती डोळे पुसत उठली. "चहा टाकते, बाबा."

"चहा राहू दे. तू बैस इथं," बाबा म्हणाले. "आणि सांग मला, आणखी काय काय करायची ती?"