उपशाखा, उम्म अल कुवैन

"म्हणजे माणसं नसतानाही नेवाडाला राज्य मिळालं?" सदानंदने जेवता जेवता विचारलं.

"ऑलमोस्ट नो पीपल, बाबा." ईश्वरी शाळेच्या प्रोजेक्टसाठी अमेरिकेचा नकाशा रंगवत होती. "इलेक्शन होतं, पार्टी नीडेड व्होट्स. अँड पुअर न्यू मेक्सिको, सिक्स्टी-टू इयर्स वेट केलं."

"का? त्यांचं काय चुकलं?"

"दे स्पोक स्पॅनिश. वॉशिंग्टनला वाटलं, नॉट अमेरिकन इनफ."

सदानंदचा घास हातातच राहिला. नेवाडा म्हणजे सरळसरळ अजमानचा रुपेश!

सदानंद अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या पाइप फॅक्टरीत स्टोअरकीपर होता आणि मराठी मंडळाची तिथली उपशाखा गेली बारा वर्षं चालवत होता. उपशाखा म्हणजे वर्गणी गोळा करायची, गणपतीत खुर्च्या लावायच्या आणि बैठकीत गप्प बसायचं. मत फक्त शाखेला. शाखा मागितली की दुबईहून उत्तर यायचं, कुटुंबं कमी आहेत. कुटुंबं वाढली, तर कुणीतरी म्हणालं, त्यातली निम्मी बेळगावकडची, बोलणं कानडी वळणाचं. आणि हा रुपेश पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली नाहीत, तोच अध्यक्ष चंद्रशेखर साहेबांना निवडणुकीत एक मत कमी पडलं आणि अजमानला शाखा मिळाली! सदानंद तेव्हापासून जळत होता. रुपेशची कार दिसली तरी त्याच्या पोटात दुखायचं. या वयात हे शोभत नाही हे त्याला कळत होतं, पण कळून दुखणं थांबत नव्हतं.

"अहो, राज्य तर तुमच्यावरच आहे," प्रमिला आमटी वाढत म्हणाली. "लपाछपीत नाही का, बाकीचे मजेत लपतात आणि राज्य असेल तो एकटा पळत सुटतो!"

तेवढ्यात फोन वाजला. चंद्रशेखर साहेबच होते.

"सदानंदराव, गुड न्यूज! उम्म अल कुवैन आता फुल शाखेत. अजमानबरोबर जॉइंट. रुपेश हेड, तुम्ही त्याला मदत करा. शुक्रवारी मीटिंगला सगळ्या फॅमिलीज घेऊन या. आणि खुर्च्यांचं तेवढं बघा हं. यल्ला, बाय."

सदानंदने रिसीव्हर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

"सेम थिंग!" ईश्वरी ओरडली. "नाइन्टीन-ओ-सिक्स! ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोची वन जॉइंट स्टेट करणार होते. ॲरिझोना व्होटेड नो."

"मग?"

"लेटर दे बोथ गॉट देअर ओन."

"नाही म्हटलं, तरी मिळालं?" सदानंदने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला.

शुक्रवारी शारजाच्या हॉलमध्ये रुपेशने त्याला मिठी मारली. "काका, आता तुमचं टेन्शन खलास!"

काका! जेमतेम आठ वर्षांनी मोठा होता सदानंद. रुपेशचे पांढरेशुभ्र दात बघून, यातला एखादा तरी किडावा, असं त्याला मनापासून वाटलं.

ठराव वाचून झाला. बाजूने शाखांचे हात वर झाले.

"विरोधात?"

सदानंदने हात वर केला.

चंद्रशेखर साहेब हसले. "सदानंदराव, उपशाखेला मत नसतं. हात खाली घ्या."

"साहेब, ठराव आमच्याबद्दलच आहे."

"हो, पण मत नाही ना तुम्हाला! यात पर्सनल काही नाही."

रुपेश आपल्या बुटांकडे बघत होता. सदानंदने हात खाली घेतला नाही.

त्याच्या मागच्या रांगेत बांगड्या वाजल्या. प्रमिलाने हात वर केला होता. तिच्या शेजारी बेळगावच्या कृष्णाबाईंनी केला, मग त्यांच्या नवऱ्याने, मग उम्म अल कुवैनच्या सगळ्या रांगेने.

चिटणिसांनी चष्म्यावरून त्या हातांकडे एकवार पाहिलं आणि पेन उघडलं.

"विरोधात कोणी नाही," ते म्हणाले. "ठराव एकमताने मंजूर."