चंद्राबाईचा खांदा

पलूसजवळच्या त्या गावात शरयूनं पाच दिवसांत दीडशे बायकांची मापं घेतली होती. आधी खांद्याची रुंदी, मग कमरेच्या हाडाची, मग मांडीचा घेर. लोखंडी मापणी धरून धरून मनगटाला कळ लागली होती. सांगलीला घरी जाऊन नुसतं पडून राहावं, एवढंच तिच्या मनात होतं.

काम आगटे सरांचं. पुण्याचे हे प्राध्यापक शाळेच्या शेजारच्या वर्गात पुरुषांना मोजत. बाईची आणि पुरुषाची अंगकाठी वेगळी का झाली, हा त्यांचा अभ्यास. दुष्काळ सरून वर्षच झालं होतं. दुष्काळी कामावर खडी फोडून आलेल्या बायकांच्या मांड्यांवर मांस राहिलं नव्हतं, मापं कमी येत होती, म्हणून सर आधीच वैतागलेले.

दुपारी त्यांनी तक्ता पाहिला. "या चंद्राबाईंचा खांदा एकोणचाळीस सेंटिमीटर? हे पुरुषाचं माप झालं. पुन्हा घ्या."

"दोनदा घेतलंय, सर."

"तिसऱ्यांदा घ्या."

निरोप गेला. चंद्राबाई उसातलं तण काढायची भांगलण अर्धी टाकून आली, पायाला चिखल तसाच. शरयूनं मापणी लावली. एकोणचाळीसच.

"माझं काय चुकलं व्हय, बाई?" चंद्राबाईनं विचारलं.

"नाही हो. तुमचं काही चुकलं नाही."

"न्हाई, म्हंजे पयल्यापास्नं समदी हेच म्हंत्यात. पोरगी बाप्यावानी दिसती म्हनून दोन ठिकाणं मोडली. मग बिजवराला दिली. चार पोरं झाली, समदी धडधाकट. तरी सासू मरेस्तवर खांद्यावरनंच बोलायची." ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या बुकात काय लिवलंय त्याचं?"

शरयूनं सरांना बोलावलं.

सर दमले होते, पण त्यांनी नीट सांगितलं. लाखो वर्षांपूर्वी पुरुष शिकारीला जायचे, भाला फेकायचे, त्यात रुंद खांद्याचे टिकले. माणूस दोन पायांवर उभा राहिला, बाळाचं डोकं मोठं झालं, म्हणून बाईची कंबर रुंद झाली. मांडीवरची चरबी उपासमारीत बाळाच्या दुधासाठी.

"ते खरं हाय," चंद्राबाई म्हणाली. "खडीवर असताना माझं अंग समदं गेलं, पर धाकटीला दूध आटलं न्हाई." मग तिनं विचारलं, "आवं, पर बाप्ये शिकारीला गेल्यावर लाकडं, पानी कोन आनत हुतं?"

"बायकाच आणत असणार."

"मग त्यास्नी खांदा लागत नव्हता व्हय?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"हे माप वगळायचं का, सर?" शरयूनं विचारलं.

"राहू दे." ते खुर्चीत टेकले. "सरासरी थोडी हलेल. हलू दे. अशी माणसं असतात, बाई. तुमच्यात खोट काही नाही."

चंद्राबाईच्या चेहऱ्यावर फारसं काही उमटलं नाही. चाळिशीला आलेल्या बाईला हे आता कळून काय व्हायचं होतं? तिनं पदर सारखा केला.

"जाऊ मी? चार सऱ्या राहिल्यात."

ती गेली. दाराशी अजून अकरा बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. शरयूनं मनगट चोळलं आणि पुढचीला आत बोलावलं.