जुने यंत्र बंद झाल्याचा दाखला

पुलांचे नकाशे काढणाऱ्या त्या कार्यालयात धाकटे पोचले, तेव्हा तिथल्या मुख्य बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. "थोरले नाही आले?"

"बाहेरगावी आहेत," धाकटे म्हणाले. दोन महिन्यांत हे वाक्य त्यांच्या जिभेवर पक्कं बसलं होतं.

दोघे भाऊ मिळून कार्यालयांत नेटवर्क बसवून द्यायचे. गिऱ्हाइकं त्यांना थोरले-धाकटे म्हणूनच ओळखायची. इथलं काम सहा वर्षांपूर्वीचं. नकाशांचं सॉफ्टवेअर परवान्यावर चालतं. ड्राफ्ट्समननं सकाळी ते उघडलं, की आधी सर्व्हरकडून परवाना घ्यावा लागतो. सर्व्हर एकच असला आणि नेमका तोच बसला, तर चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसणार. म्हणून थोरल्यांनी तीन बसवले, तीन वेगळ्या खोल्यांत. तिघं दिवसभर एकमेकांना विचारत राहतात, आहेस का? उत्तर येतं, आहे. तिघांपैकी दोघं असले, की कारभार चालतो. एकटाच उरला, तर मात्र धडधाकट असूनही तो कुणाला काही देत नाही. थोरले म्हणायचे, "एकटा जीव स्वतःचीसुद्धा खात्री देऊ शकत नाही रे."

आता तिघांतला पहिला गेला होता. उरलेल्या दोघांवर काम चालू होतं, पण आणखी एकानं मान टाकली असती तर सगळंच संपलं असतं.

जिन्याखालच्या खोलीत धाकट्यांनी जुनं यंत्र बाहेर ओढलं. त्याच्या कपाळावर थोरल्यांच्या ठसठशीत अक्षरातली पट्टी होती. 'हात लावू नये. शंका आल्यास मला विचारावे. धाकट्याला विचारू नये.'

बाई हसल्या. "फार छळतात हो तुम्हाला."

"लहानपणापासून," धाकटे म्हणाले, आणि पट्टीवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत राहिले.

नवं यंत्र जोडून झालं. पण परवाना त्या त्या यंत्राच्या क्रमांकाला बांधलेला असतो. नव्यासाठी नवी फाइल हवी, आणि त्याआधी एक दाखला. सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी फोनवर सांगत होती, "जुनं यंत्र कायमचं बंद झालं, पुन्हा सुरू होणार नाही, असं लिहून सही करायची. ज्यांनी बसवलं, त्यांचीच सही लागते."

"ते बाहेरगावी आहेत."

"मग आल्यावर पाठवा ना. आमची काही घाई नाही."

घाई बाईंना होती. "अहो, नव्याला जुन्याचाच क्रमांक देऊन टाका. बाकीचे विचारतील, आहेस का? हा म्हणेल, आहे. त्यांना काय कळतंय?"

जमण्यासारखं होतं, दहा मिनिटांचं काम. थोरल्यांनी असं कधी केलं नसतं, पण ओरडायला आता थोरले कुठे होते? धाकट्यांनी जुना क्रमांक निम्मा टाइप केला, आणि खिशातला फोन थरथरला.

तो थोरल्यांचा फोन होता, आता धाकटेच जवळ बाळगत. थोरले गेले त्याच आठवड्यात, दूर मावशीच्या गावी, आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, मुलगा गेल्याचं त्यांना इतक्यात सांगू नका. आज नको, उद्या सांगू, असं करता करता दोन महिने झाले. दादा अशा ठिकाणी कामाला गेलाय, की तिथून बोलणं ऐकू येत नाही, नुसता मेसेज जातो, असं आईला सांगितलं होतं. ती रोज दुपारी दादाला विचारायची, 'जेवलास का?' धाकटे दादाच्या फोनवरून लिहायचे, 'जेवलो.' आणि ती दुपार हटकून उपाशी काढायचे.

आजही तेच शब्द होते. 'जेवलास का?'

धाकट्यांनी फोनकडे पाहिलं, पडद्यावरच्या निम्म्या क्रमांकाकडे पाहिलं. मग एकेक आकडा पुसून टाकला. दाखला समोर ओढला, खाली स्वतःची सही केली, आणि सहीखाली लिहिलं, 'यंत्र बसवणारे माझे बंधू हयात नाहीत.' आजवर त्यांनी हे कुठेच लिहिलं नव्हतं. बाईंनी ते वाचलं आणि आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

ते बसले नाहीत. जिन्यात जाऊन त्यांनी स्वतःच्या फोनवरून आईला कॉल लावला.

"आई, दादा…"

"माहीत आहे," आई म्हणाली.



"कधीपासून?"

"तुझं पहिलं 'जेवलो' आलं ना, तेव्हापासून. भाजीला नावं ठेवल्याशिवाय त्याला घास तरी उतरायचा का? मग मावशीच्या मागे लागले. तिनं रडत रडत सांगितलं."

"मग रोज त्याला का विचारत होतीस?"

"त्याला कुठे रे? तुलाच विचारत होते." आईला धाप लागली होती. "त्याच्या नावानं का होईना, उत्तर यायचं. ते आलं, की मी माझं ताट घ्यायचे. आता खरं सांग, जेवलास का?"

"नाही," धाकटे म्हणाले, आणि पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. तिकडे आई टाके पडलेल्या छातीवर हात धरून रडत होती, हे त्यांना ऐकू येत होतं.

फाइल संध्याकाळी आली. नवं यंत्र उठलं, उरलेल्या दोघांनी विचारलं, त्यानं स्वतःच्या क्रमांकानं उत्तर दिलं. निघताना धाकटे जुन्यावरची पट्टी सोडवू लागले. ती मधेच फाटली. 'मला विचारावे' काही केल्या निघेना, ते यंत्रावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांचा फोन बंद करून ठेवलेला होता. दुपारी धाकट्यांच्या स्वतःच्या फोनवर आईचे तेच दोन शब्द आले. त्यांनी लिहिलं, 'जेवलो.' मग थोडं थांबून खाली लिहिलं, 'भाजी खारट होती.'