औषध गोदामात आहे

जिल्हा रुग्णालयात गर्दच्या व्यसनावर उपचार सुरू करायचं ठरलं, तेव्हा मनोविकारांच्या डॉक्टरची जागा रिकामी होती. ती आधीही रिकामीच होती, पण त्या दिवशी ते सगळ्यांच्या लक्षात आलं. काम कोणाला द्यायचं यावर बैठक झाली. त्वचारोगाच्या डॉक्टरबाई बैठकीला उशिरा पोचल्या.

"तुम्ही नव्हतात, त्यामुळे तुमचं नाव एकमताने ठरलं," अधीक्षकांनी सांगितलं.

बाईंना राजधानीत छोट्या प्रशिक्षणाला पाठवलं. व्यसन हा आजार आहे, मेथाडोन नावाचं एक कडू पातळ औषध रोज नर्ससमोर प्यायला दिलं की अंगाची तगमग थांबते, माणूस कामाधंद्याला लागतो, आणि हे औषध मधुमेहाच्या गोळीसारखं वर्षानुवर्षं घ्यावं लागलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे त्या तिथे शिकल्या. परत आल्या तेव्हा त्या जिल्ह्यातल्या या विषयाच्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञ होत्या. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, तसं.

केंद्रासाठी रुग्णालयाचा जुना धोबीखाना मिळाला. तो प्रसूतिविभागाला लागून होता. अधीक्षकांची एकच अट होती.

"पुढच्या फाटकातून बाळंतिणी येतात. त्याच फाटकातून गर्दुल्ले येणार? लोक काय म्हणतील?"

"दवाखाना आहे म्हणतील."

"नको. त्यांना मागून येऊ दे."

"मागे भिंत आहे, सर."

"मग पाडा."

अशा रीतीने उपचारांची सुरुवात भिंत पाडण्यापासून झाली.

दार काढायला जो गवंडी आला त्याला सगळे ओळंबा म्हणत. उमेदवारीच्या दिवसांत त्याने बांधलेली भिंत इतकी सरळ असायची की मुकादमाने सरळपणा तपासायच्या दोरीचं हे नाव ठेवलं होतं. भिंतींचा सरळपणा पुढे कमी होत गेला, नाव तेवढं राहिलं. थोडं काम केलं की तो सावलीला बसायचा, नाक पुसायचा, एकामागून एक जांभया द्यायचा. भर उन्हात त्याच्या हातांवर काटा आलेला असायचा.

"हा माणूस दार करतोय की राजवाडा?" केंद्रावर नेमलेल्या सिस्टर म्हणाल्या.

एकदा सिमेंट कालवता कालवता त्याने बाईंना विचारलं, "इथे काय होणार म्हणे?"

"गर्द ओढणाऱ्यांना औषध देणार."

"फुकट?"

"फुकट."

"आणि नावं पोलिसांत देणार?"

"नाही."

ओळंबाने थापी खाली ठेवली. "मग कोणी येणार नाही, बाई. फुकट आहे आणि पोलीस नाहीत, म्हणजे नक्की काहीतरी भानगड आहे."

उद्घाटनाच्या भाषणात अधीक्षकांनी गर्द हा शब्द एकदाही उच्चारला नाही. "अशा प्रकारच्या लोकांसाठी" असं म्हणत त्यांनी वेळ निभावून नेली. मग सगळे गेले आणि बाई व सिस्टर रुग्णांची वाट पाहत बसल्या. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिस्टरांनी स्वेटर विणायला घेतला.

त्या बाहीपर्यंत पोचल्या होत्या तेव्हा ओळंबा दारात उभा राहिला. बिजागरी बघायला आलो, म्हणाला. बिजागरी ठीक होती. दुसऱ्या दिवशी तो कडी बघायला आला. कडीही ठीक होती. तिसऱ्यांदा आला तेव्हा सिस्टरांनी सुया बाजूला ठेवल्या.

"बिजागरी ठीक आहे, कडी ठीक आहे, चौकट ठीक आहे. बिघडलंय काय तेवढं सांगा."

ओळंबा बाकावर बसला. "मी," म्हणाला.

बाईंनी त्याला तपासलं, औषध दिलं, आणि तासाभराने पुन्हा येऊन विचारलं, "काय होतंय?"

"काहीच होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच होत नाहीये, बाई. पाय ओढत नाहीत, थंडी वाजत नाही, पळून जावंसं वाटत नाही." त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "काहीच होत नाही म्हणजे असं असतं होय?"

आणि तो बसल्या बसल्या झोपी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर त्याची अक्का आली. अक्का प्राथमिक शाळेत झाडलोट करायची आणि घंटा द्यायची. आईबाप गेल्यावर ओळंबाला तिनेच वाढवलं होतं, आणि घंटा देणाऱ्या बाईचा आवाज घरातही घंटेसारखाच होता. तिने बाटलीचा वास घेतला, सिस्टरांना आपादमस्तक न्याहाळलं, बाईंची पदवी विचारली.

"कातडीच्या डॉक्टर? मग हे आतलं तुम्हाला कसं कळणार?"

"शिकतेय," बाई म्हणाल्या.

"शिका. पण याच्यावर शिकताय, तर नीट शिका."

ओळंबाला बघून बाकीचे आले. बसचा एक कंडक्टर आला. एक शाळामास्तर यायचे, ते हेल्मेट थेट औषध पितानाच काढायचे. एक शिंपी यायचा. तो रांगेत उभा राहिल्या राहिल्या पुढच्याच्या शर्टाचं माप नजरेने घ्यायचा आणि खांदा कुठे चुकलाय ते सांगायचा. त्याच्यामुळे रांगेत हशा पिकायचा. महिना-दोन महिन्यांत बाकावर जागा पुरेना.

रांग वाढली तसा हवालदारही आला. तो मागच्या दाराबाहेर उभा राहू लागला.

"तुम्ही इथे कसे?" बाईंनी विचारलं.

"मासे इथे येतात, बाई."

"हे रुग्णालयाचं आवार आहे."

हवालदाराने पायाखाली पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. "आता नाही."

बाईंनी वर तक्रार केली. तिची दखल घेतल्याचं कळवण्यात आलं, आणि हवालदार उभाच राहिला. शेवटी अक्काच त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी ठाकली.

"आजवर याला शोधायला तू माझं घर उलथंपालथं करायचास. आता हा रोज सकाळी या बाकावर असतो. तुला पत्ता ठाऊक आहे. मग धरायची घाई कसली? उद्याही इथेच असेल की!"

हवालदाराने यावर बराच विचार केला. युक्तिवाद पटला म्हणून असेल किंवा उन्हाला कंटाळला म्हणून असेल, तो त्या दिवसापासून आत सावलीत बसू लागला. रांगेत कोणी घुसाघुशी केली की दटावू लागला.

सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच औषध संपत आलं. बाईंनी राजधानीला फोन केला.

"औषध गोदामात आहे," तिकडून उत्तर आलं.

"मग पाठवा."

"गाडी नाही."

दुसऱ्या दिवशीही औषध गोदामातच होतं. हे औषध धोकादायक समजलं जाई, त्यामुळे ते नेण्यासाठी सरकारी, चारी बाजूंनी बंद, कुलूप लागणारी गाडी आणि सोबत हत्यारी पोलीस लागे. रुग्णवाहिकेत माल भरायला मनाई होती. रुग्णालयाच्या जीपचं इंजिन दुरुस्तीला गेलं होतं, ते तिकडेच रमलं होतं.

नाइलाजाने बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं. शिल्लक औषध जास्त दिवस पुरावं म्हणून प्रत्येकाचा डोस थोडा थोडा कमी करावा लागेल, असं सांगितलं.

"निम्म्या डिझेलवर बस निम्म्याच रस्त्यापर्यंत जाते, बाई," कंडक्टर ओरडला. "उरलेला रस्ता आम्ही काय करायचं?"

मास्तरांनी हेल्मेट घातलं. शिंप्याने त्या दिवशी कोणाचं माप काढलं नाही. पुढच्याच आठवड्यात ओळंबा यायचा थांबला.

अक्का एकटी आली. तिचा आवाज प्रथमच खाली आला होता.

"रात्री पाय आपटत होता. सकाळी उठून बघते तर अंथरूण मोकळं."

बाई तिला बाजूला घेऊन बसल्या. "अक्का, सापडला तर एक सांगा. त्याच्या शरीराची जुनी सवय मोडलीय. पूर्वीइतका गर्द ओढला तर श्वास बंद पडेल."

अक्काने विचारलं, "म्हणजे त्याला ओढू नको सांगू, की कमी ओढ सांगू?"

"आधी कमी ओढ सांगा. बाकीचं मी सांगेन."

"असलं सांगायला मी त्याला लहानाचा मोठा केला," अक्का म्हणाली, आणि त्याला शोधायला निघाली.

बाई तडक अधीक्षकांकडे गेल्या. "सर, सरकारी, बंद आणि कुलूपवाली गाडी. कुठलीही."

अधीक्षकांनी हतबल होऊन खिडकीबाहेर पाहिलं आणि पाहतच राहिले. खिडकीसमोर शववाहिनी उभी होती.

"तिला कुलूप आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे. का आहे ते मलाही कधी कळलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे शववाहिनी राजधानीकडे निघाली. पुढे ड्रायव्हर, मध्ये बाई, कडेला बंदूक घेतलेला हवालदार. प्रवास विलक्षण सुखाचा झाला. ट्रक बाजूला होत, सायकलवाले उतरून उभे राहत. एका नाक्यावर शिपायाने गाडी तर अडवली नाहीच, वर डोक्यावरची टोपी काढली. हवालदाराने गंभीरपणे मान लववली.

"इतका मान मला जिवंतपणी कधी मिळाला नव्हता," तो म्हणाला.

गोदामपाल गाडी बघून बिचकला. "इथे कोणी मेलेलं नाही."

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "औषध न्यायला आलोय."

"शववाहिनीतून औषध नेता येतं असं कुठे लिहिलंय?"

"नेता येत नाही असं कुठे लिहिलंय?"

त्याने नियमांची जाडी फाईल काढून पानं उलटली. तसं काही सापडलं नाही, कारण हा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता. त्याने खोकी मोजून दिली. ती इतके दिवस दरवाज्यालगतच रचून ठेवली होती.

इकडे अक्काने गावातली सगळी अर्धवट बांधकामं पालथी घातली. ओळंबा तिला एका इमारतीच्या जिन्यात सापडला. ओठ निळे पडलेले, श्वास असून नसल्यासारखा. तिने टाहो फोडला तसे वरून मजूर धावत आले. त्यांनी त्याला विटा वाहायच्या हातगाडीत घातलं आणि सगळे रुग्णालयाकडे पळत सुटले. पुढचं फाटक जवळ पडत होतं. पहारेकऱ्याने काठी आडवी धरली.

"ही केस मागच्या दाराने."

"तुझी काठी मोडीन," अक्का म्हणाली. ते खोटं वाटलं नाही. काठी वर गेली.

प्रसूतिविभागासमोर अधीक्षक उभे होते. ते मूळचे भूल देणारे डॉक्टर, पण खुर्चीत बसल्यापासून त्यांनी रुग्णाला हात लावल्याचं कोणाला आठवत नव्हतं. हातगाडीकडे त्यांनी एकदा पाहिलं, कोट काढून एका बाळंतिणीच्या हातात दिला, नर्सकडून मास्क आणि श्वास भरायची पिशवी मागवली, आणि तिथल्या तिथे, व्हरांड्यातच, गुडघे टेकून ती दाबू लागले. कोणी बदलायला आलं की नुसती मान हलवायचे. नशेवरच्या उताऱ्याची सुई ओळंबाला टोचली ती त्यांच्या सांगण्यावरून नर्सने. बाळंतिणींनी आपापल्या पोरांना कडेवर घेऊन भोवती कडं केलं. लोक काय म्हणाले ते विचारायला त्या दिवशी कोणाला सवड नव्हती.

बऱ्याच वेळाने ओळंबा खोकला आणि त्याने अधीक्षकांच्या पँटवर ओकारी काढली.

"छान," अधीक्षक म्हणाले.

संध्याकाळी शववाहिनी आवारात शिरली तेव्हा ओळंबा पुरुषांच्या वॉर्डात शुद्धीवर होता. उशाशी अक्का बसली होती.

"लाज वाटते का रे?"

"वाटते, अक्का."

"वाटू दे. पण औषध घ्यायचं चुकवलंस तर याद राख. लाज घरी ठेव आणि ये."

बाईंनी त्याचं औषध पुन्हा लहान डोसापासून सुरू केलं. कंडक्टर परत आला. मास्तर आले, या वेळी हेल्मेट काखेत होतं. हळूहळू बाक पुन्हा भरला. शिंपी तेवढा आला नाही.

बरेच दिवस वाट पाहून बाई आणि सिस्टर त्याचा पत्ता शोधत गेल्या. दुकानाची फळी अर्धी लावलेली होती. आत त्याची बायको शिवणयंत्रावर बसून कोणाची तरी पँट आखूड करत होती. दोघींचे पांढरे कोट बघून तिने पाय थांबवला.

"औषध कमी झालं त्या आठवड्यातच गेले," ती म्हणाली. "सकाळी उठवायला गेले, तर उठले नाहीत."

सिस्टर खाली बसल्या.

"औषध आलं का?" शिंप्याच्या बायकोने विचारलं.

"आलं."

"आता पुन्हा संपणार नाही ना?"

बाई खोटं बोलणार होत्या. "संपू शकतं," त्या म्हणाल्या. "पण आता संपायच्या आधी आम्ही जाऊन घेऊन येतो."

तिने मान हलवली आणि दोरा दातांनी तोडला. "माझा धाकटा भाऊ आहे. तोही ओढतो. यांनीच लावलं म्हणायला मला तोंड नाही, दोघांनी मिळूनच लावून घेतलं. त्याला पाठवू का?"

"पाठवा."

"तो बोलायला अवघड आहे."

"चालेल."

"शिव्या देतो."

"चालतील," सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. दारातच अडून उभा राहिला, आणि मी काही आजारी नाही, बहिणीने डोकं खाल्लं म्हणून आलोय, असं त्याने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. ओळंबाने बाकावर सरकून त्याला जागा करून दिली.