वळणावरचा हॉर्न

“किंचाळायला काय झालं? गेला ना तो!” माझ्या तोंडाकडे बघत थिओफिल म्हणाला.

गेला खरा, पण आमच्या व्हॅनचा बाजूचा आरसा घेऊन. केळ्यांचा ट्रक होता. माझा कॅमेरा पायांशी पडला होता. आमच्या डोमिनिका बेटावर डोंगरातल्या रस्त्याचा कायदा एकच: आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्यायचा, पलीकडून उत्तर आलं तर थांबायचं. ट्रकवाल्याने दोनदा दिला होता. मला स्वच्छ ऐकू आला. थिओफिल शीळ घालत सरळ पुढे घुसला.

“थांबला का नाहीस?”

“त्यानं हॉर्नच दिला नाही. हल्लीची पोरं, दुसरं काय!”

मी जात्याच भित्रा. उभा जन्म रोझो शहराच्या बाजारात पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला. तिथे कोणी अंगावर येत नाही. यंदा पतपेढीने कॅलेंडरचं काम दिलं, त्यांना बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्याचे फोटो हवे होते. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून हा लहानपणापासूनचा मित्र आपली व्हॅन घेऊन आला. एरवी तो तिच्यातून शाळेची मुलं नेतो. आज शनिवार होता म्हणून मोकळा.

कॅसल ब्रूसच्या किनाऱ्यावर थिओफिलने एका बाईकडून भाजलेला नीरफणस घेतला आणि माझ्याकडे पाठ करून खात उभा राहिला. माझ्या मनात नको ती शंका आली.

“थिओ, तुझ्या फिलोमेनला मी पळवून नेतोय रे,” मी मागून म्हणालो.

एरवी बायकोचं नाव काढताच त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. तो खात राहिला. मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो. नीरफणसवाली खो खो हसली. तिला हसताना बघून थिओफिलही हसला, कशाला ते न कळताच.

मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो. “कधीपासून ऐकू येत नाही?”

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. “ईस्टरपासून. आता हॉर्न वाजवला की हाताला कळतो, तेवढंच.”

“फिलोमेनला माहीत आहे?”

“ती म्हणते, हल्ली तू उलट बोलत नाहीस, गुणी झालास.” मग त्याचा चेहरा उतरला. “एव्हरार्ड, कुठे बोलू नकोस. व्हॅन गेली तर माझ्याकडे उरतं काय?”

“आणि व्हॅनमधली मुलं?”

उरलेला नीरफणस त्याने एका कुत्र्यापुढे टाकला.

परतायला त्या दुपारी दुसरी गाडी नव्हती. डोंगरावर ढग उतरले होते. मी इतका घाबरलो होतो की तिथेच वाळूत बसावंसं वाटलं. पण त्याला एकट्याला पाठवण्याची भीती त्याहून मोठी निघाली. मी त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. हॉर्न ऐकू आला की मी खांदा दाबायचा आणि त्याने थांबायचं, असं ठरलं.

वाटेत दरीत असं ऊन पडलं की कॅलेंडरवाले वेडे झाले असते. मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. कान इतके ताणलेले होते की पाखरू ओरडलं तरी मी खांदा दाबायचो. तो प्रत्येक वेळी थांबला. रिकामा रस्ता बघायचा आणि मुकाट्याने पुढे निघायचा. एकदाही मला भित्रा म्हणाला नाही.

रोझोत घरापुढे त्याने रोजच्यासारखा एक लांब हॉर्न दिला, फिलोमेनने पानं वाढावीत म्हणून. मग माझ्याकडे वळला.

“वाजला?”

“वाजला. सगळ्या गल्लीने ऐकला.”

त्याने किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “फिलोमेनच्या भावाला दे. सोमवारी मुलं तोच नेईल. मी मागितली तरी मला देऊ नकोस.”

तो खाली उतरला आणि व्हॅनकडे बघत उभा राहिला. मागे दारातून फिलोमेन त्याला हाका मारत होती, जेवण निवतंय म्हणून. मी जवळ गेलो आणि त्याचा खांदा दाबला.